वरच्या वळणावरचे दोन धूर

हे घडलेलं आहे. ज्याला पटणार नाही त्याने इथेच थांबावं, माझी काही तक्रार नाही.

नदीचं नाव मी लिहिणार नाही. आमच्याकडे तिला कुणी नावाने हाक मारत नाही. आम्ही तिला आजी म्हणतो. तिच्यादेखत तिचं नाव घेतलेलं तिला आवडत नाही, आणि मी जिथे बसून हे लिहितोय तिथून ती हाकेच्या अंतरावर आहे.

नोव्हेंबर संपत आला होता. रात्र नव्हती. असलं सगळं रात्रीच घडतं असं लोकांना वाटतं. हे भर दुपारी घडलं. आता त्या दिवसांत आमच्या टोकाच्या उत्तरेकडची दुपार ती काय? सूर्य डोंगरामागून कपाळ वर काढतो, एकदा बघतो आणि परत निजतो.

माझा थोरला भाऊ तेरेंती त्या दुपारी वरच्या वळणावर एकटा होता.

एकटा... आणि बायकोसाठी खणलेल्या खड्ड्यात पेटवलेली आग राखत.

माझी वहिनी ग्लाफिरा त्या आधीच्या महिन्यात गेली. छातीचं दुखणं जुनंच होतं. ते उलटलं तेही नेमकं नदी धड वाहती नाही, धड गोठलेली नाही अशा दिवसांत. होडी जात नाही, बर्फावर गाडी घालता येत नाही. धुकं हटेना म्हणून हेलिकॉप्टरही आलं नाही. तेरेंती तिच्या उशाशी बसून राहिला. जाताना ती त्याला एवढंच म्हणाली, "मला वर ने. आईजवळ. आणि सगळं होईपर्यंत एकटीला टाकून जाऊ नकोस."

तो म्हणाला, "नाही टाकणार."

वरचं वळण म्हणजे तिचं माहेर. सरकारने ती वस्ती कधीच उठवली. आता तिथे मोडकी कोठारं आहेत आणि क्रूस आहेत. माणूस नाही.

वहिनीची थोरली बहीण अगाफ्याताई आमच्याच गावात राहते. तिला हे अजिबात पसंत नव्हतं.

"डोकं फिरलंय का तुझं, तेरेंती?" ती म्हणाली. "त्या काठाचा आजी दरवर्षी एक घास घेते. गेल्या वसंतात अख्खं कोठार गिळलं तिने. तुला माझी बहीण नदीत घालायचीय?"

"नदी अजून लांब आहे, ताई."

"लांब आहे म्हणे. आणि पुढे?"

"पुढे मी पण नसेन."

"तू कुठला जातोस. तुझ्यासारखे मरत नाहीत, चहा पीत बसतात."

एवढं बोलून ती रडायला लागली, आणि रडता रडताच तिने आम्हाला वाटेसाठी धिरडी बांधून दिली.

नदी पक्की गोठल्यावर आम्ही तिघे आधी खड्डा करायला गेलो. तेरेंती, मी आणि आमचा शेजारी कीम. कीमची बुरान होती, बर्फावरची गाडी, आणि मागे घसरगाडी जोडलेली. पेटी गावातच थंड कोठीत ठेवली होती.

आमच्या जमिनीत नुसत्या कुदळीने कबर होत नाही. वरची हात-दोन हात माती उन्हाळ्यात सुटते तेवढीच. खाली सगळं कायमचं गोठलेलं. म्हणून आधी आग लावायची. ती जळू द्यायची. मग निखारे बाजूला करून जेवढं सुटलं तेवढं उकरायचं. परत आग. परत उकरायचं. दोन-तीन दिवस जातात. आग विझली तर भिंती पुन्हा आवळतात आणि केलेलं काम वाया जातं.

या कामाचे दोन नियम आहेत आमच्या गावात.

एक, उघडलेला खड्डा एकटा सोडायचा नाही.

दुसरा, त्या आगीला खायला द्यायचं नाही.

घरच्या चुलीला आम्ही रोज पहिला घास देतो. शिकारीला गेलो तरी तिथल्या शेकोटीला देतो. हात आपोआप जातो. पण खड्ड्यातल्या आगीला नाही. ती आग कुणाच्या घरची नसते. जेवताना तिच्याकडे पाठ करून बसायचं, आणि एक कणही तिकडे उडू द्यायचा नाही. का, ते जुन्या माणसांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

पहिला दिवस तसाच गेला. खड्डा गुडघाभर झाला. बुरान बांधायला कीमने खड्ड्याच्या डाव्या अंगाला लोखंडी खुंटी ठोकायला घेतली, तर खुंटीच वाकली. ती वाकडी खुंटी हातात धरून तो म्हणाला, "तेरेंती, तुझ्या सासुरवाडीची माणसं जशी, जमीनही तशीच."

तेरेंती हसला. बायको गेल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कीम आणि मी पेटी आणायला निघालो. कुणीतरी मागे राहायलाच हवं होतं. मी म्हणालो, "दादा, मी थांबतो. तू जा, तिला घेऊन ये."

"नको. तिला तू आण. इथे आल्यावर मी दिसायला हवा."

कीमने गाडी सुरू केली. "आग विझली तर खड्डा तुझ्याकडून दातांनी उकरून घेईन."

"माझे आहेत तरी," तेरेंती म्हणाला. कीमचे पुढचे दोन नाहीत.

आम्ही निघालो. इथून पुढचं तेरेंतीने मला सांगितलेलं आहे. तो खोटं बोलत नाही. त्याला जमतच नाही ते.

गाडीचा आवाज बराच वेळ येत राहिला. थंडी कडक असली की आवाज लांब जातो. वळण गेलं, दुसरं वळण गेलं, तरी तो ऐकू येत होता.

मग तो थांबला.

त्यानंतर काहीच नाही. वारा नाही. पक्षी नाही. आमच्याकडे खऱ्या थंडीत वारा नसतो. धूर सरळ वर जातो आणि धुकं असतं तिथेच उभं राहतं. त्या धुक्यातून माणूस चालला की त्याच्या मागे भोक पडतं, त्याच्या अंगाएवढं, आणि ते बराच वेळ बुजत नाही. कोण गेलं ते गावात आम्ही त्या भोकावरूनही सांगतो. हा उंच, हा जाड, ही पोराला कडेवर घेतलेली.

आणखी एक असतं. स्वतःचा श्वास ऐकू येतो. तोंडातून बाहेर पडला की गोठतो आणि कानाशी सरसरतो. कागदावर मूठभर कोरडे दाणे ओतावेत तसा.

तेरेंती आगीत लाकूड घालत होता आणि आपला श्वास ऐकत होता. दुसरं ऐकायला काही नव्हतंच.

त्याने बायकोशी बोलायचा प्रयत्न केला. जमेना. घरीही त्याला जमत नसे. घरात बोलायची ती. हा हूं म्हणायचा.

सूर्याने कपाळ दाखवलं तेव्हा त्याला भूक लागली. त्याने अगाफ्याताईची पुरचुंडी सोडली. लोणी लावलेली धिरडी, दगडासारखी झालेली. ती मऊ करायला त्याने खड्ड्याच्या कडेला धरली. पाठ करायचं राहून गेलं. धिरडं मऊ झालं, त्याने तुकडा मोडला...

...आणि हात गेला.

साठ वर्षांची सवय. तुकडा आगीत पडला. लोणी चरचरलं. तो म्हणाला, "घे, ग्लाशा." घरात तो वहिनीला ग्लाशाच म्हणायचा.

मग त्याला कळलं आपण काय केलं ते.

तो तुकडा काढायला वाकला. तुकडा तिथे नव्हता. जळून गेला म्हणावं तर राख नाही, वास नाही.

आणि आगीचा आवाज बंद झाला.

ती विझली नाही. जळत होती, ज्वाळा हलत होत्या. पण लार्चचं लाकूड जळताना जे फटफट वाजतं, ते सगळं थांबलं. काचेमागे आग असावी तशी.

तेरेंती उठला नाही. कुठे जाणार? खड्डा सोडायचा नव्हता.

थोड्या वेळाने झाडांत कुऱ्हाडीचा आवाज आला...

दोन घाव. मग थांबणं. परत दोन घाव. मग थांबणं.

कीम एका दमात लाकूड फोडतो. मीही. मध्ये थांबायची ती ग्लाफिरा. तिचा डोक्यावरचा रुमाल सारखा घसरायचा, तो वर करायला थांबायची. जन्मभर तेरेंतीने घरात बसून तो आवाज ऐकला होता.

त्याने हाक मारली नाही. फक्त म्हणाला, "राहू दे. पुरेल एवढं आहे."

लाकूड पुरेल एवढं नव्हतं. आमची यायची वेळ टळून गेली होती आणि ढीग संपत आला होता. आणखी आणायचं तर झाडांत जावं लागणार, आणि झाडांत जायचं तर खड्डा एकटा पडणार. या दोहोंमध्ये तो अडकून बसला होता.

कुऱ्हाड थांबली.

त्याने झाडांकडे बघितलं. धुकं भिंतीसारखं उभं होतं. आणि त्या भिंतीत...

...एक भोक होतं.

झाडांपासून खड्ड्यापर्यंत आलेलं. अरुंद. त्याच्या खांद्याला लागेल एवढ्याच उंचीचं.

खालचं बर्फ तसंच गुळगुळीत होतं. पाऊल नव्हतं.

तेरेंतीने मान खाली घातली. भीती वाटली का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "भीती नव्हे. नवरीकडे पहिल्यांदा बघताना होतं तसं झालं. आपण बघितलं आणि ती नसली तर, असं."

मग त्याला दुसरा श्वास ऐकू आला.

त्याचा स्वतःचा होताच. श्वास आत घेताना त्याची सरसर थांबे. पण त्या थांबण्यात डाव्या अंगाने दुसरा सरसरत होता. हलका. थोडा अडखळणारा. छातीचं दुखणं असलेल्या माणसाचा.

तेरेंती जरा सरकून बसला, जागा केली.

आणि बोलायला लागला. जे कधी जमलं नव्हतं ते त्याला तेव्हा जमलं. गाय आटत चाललीय, तो म्हणाला. मी धार काढतो तर लाथ मारते. तुझा बिछाना उचललेला नाही. तुझी मोठी कढई अगाफ्या घेऊन गेली, म्हणे आठवण म्हणून, मी काही बोललो नाही.

तो श्वास तुटक झाला. हसताना होतो तसा.

"हसू नकोस," तेरेंती म्हणाला, "परत आणणार आहे मी ती."

किती वेळ बोलला, त्याला माहीत नाही. अंधारून आलं. त्याने मध्ये एकही लाकूड घातलं नाही. उरलेलं तसंच पडून होतं. आग मात्र खाली बसली नाही.

शेवटी त्याने विचारलं, "ग्लाशा, मी आता घरी काय करू?"

श्वास थांबला.

तेव्हा त्याने डावीकडे बघितलं. कुणी नव्हतं. फक्त धुक्यात एक पोकळी होती, बसलेल्या बाईएवढी. आणि तिच्या पलीकडे, जमिनीलगत, दुसरी. लांब. आडवी.

ती कसली ते त्याला कळेना. तो बघत होता तेवढ्यात आगीत फट्‌ असा आवाज झाला, आणि नदीवरून आमच्या गाडीचा.

आता आमच्या बाजूचं सांगतो, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आम्हाला उशीर झाला कारण मधल्या पट्ट्यात बर्फावर पाणी चढलं होतं. ऐन थंडीत आजी तसं करते. खाली कोंडली की बर्फ फोडून वर येते, वर भुरभुरीत बर्फ असल्याने दिसत नाही, आणि गाडी त्यात गेली की माणसाच्या पायांसकट गोठते. आम्ही काठावरून, झुडपं तोडत, पेटी सांभाळत लांबून आलो.

खालच्या वळणाला आलो तेव्हा उजेड जेमतेम होता. तिथून वरचं वळण समोर दिसतं.

कीमने गाडी हळू केली. "म्हाताऱ्याने दोन आगी लावल्यात बघ."

मी बघितलं. दोन धूर होते. शेजारी शेजारी, सरळ वर गेलेले.

"चहाची वेगळी लावली असेल," मी म्हणालो.

"लाकूड काय सासऱ्याने ठेवलंय त्याच्यासाठी?"

मग झाडं आडवी आली. झाडांतून बाहेर पडलो तेव्हा धूर एकच होता.

तेरेंती खड्ड्याशी उभा होता. त्याने आधी पेटीवर हात ठेवला. मग आमच्याकडे बघितलं.

"दुसरी आग कुठेय?" कीमने विचारलं.

"कुठली दुसरी?"

कीमने चहूकडे बघितलं. बर्फ कोरं होतं. मग त्याने फावडं उचललं.

निखारे काढले. आम्हाला वाटलं होतं अजून एक दिवस काम आहे. पण फावडं लोण्यात जावं तसं गेलं. हवं तेवढं खोल, तळापर्यंत सुटलेलं. आम्ही कंदील लावले आणि तिला तिच्या आईशेजारी उतरवलं. तेरेंतीने पहिली मूठ टाकली. माती हातात मऊ होती. तो ती लगेच सोडेना.

खड्डा बुजवल्यावर दोर गोळा करायला कीम डाव्या अंगाला गेला.

त्याचा पाय आत गेला...

पोटरीपर्यंत. कीमने शिवी घातली आणि पाय उपसला. लोकरी बुटाला काळा चिखल लागला होता. त्या थंडीत चिखल. त्यातून वाफ येत होती.

ती जागा मला ओळखीची होती. आदल्या दिवशी तिथेच खुंटी वाकली होती.

मी फावड्याने वरचं बर्फ सारलं. ते न मोडलेलं, न तुडवलेलं बर्फ होतं. खाली राख नाही, कोळसा नाही. नुसती सुटलेली काळी माती. कडा सरळ. वहिनीच्या खड्ड्याला अगदी लागून, त्याच्यापेक्षा वीतभर लांब.

तेरेंती आमच्यात सगळ्यांत उंच.

"खाली झरा असेल," कीम म्हणाला. "आजीचं पाणी जमिनीखालून फिरतं. असतात अशा जागा."

असतात. मलाही माहीत आहे. पण त्या काटकोनात नसतात.

तेव्हा तेरेंतीने सांगितलं. धिरडं, तुकडा, सगळं. कीम ऐकत राहिला.

"नाव घेऊन दिलास?"

"हात गेला."

"हात गेला, ठीक. जीभ कशाला गेली, मूर्खा?"

तेरेंती गुडघ्यांवर बसला, सारलेलं बर्फ हाताने परत ओढून घेतलं आणि त्या मातीवर नीट पसरलं. अंथरूण घालावं तसं. मग उठला आणि म्हणाला, "चला. ताई वाट बघत असेल."

परतताना मागे बघायचं नसतं. कीमने बघितलं नाही. मी बघितलं नाही. तेरेंतीचं मला माहीत नाही, तो मागच्या घसरगाडीवर बसला होता.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. ती जागा गोठलेली नाही. तेरेंती दर हिवाळ्यात बघून येतो, दोनदा मीही गेलो. काठी घातली की हाताच्या कोपरापर्यंत आत जाते, आणि बाहेर काढली की तिचं टोक कोमट लागतं. आजीने तिथला काठ बराच खाल्ला आहे. या दोन जागांच्या अलीकडे मात्र ती दरवर्षी थांबते.

कीम तिकडे जात नाही.

तेरेंती बरा आहे. खातो, पितो, कढई परत आणली त्याने. घरात एकटाच बोलत असतो. एकदा चहा पिताना आम्हाला म्हणाला, "माझ्या वेळी तुम्हाला आग लावायला नको. तेवढंच लाकूड वाचलं तुमचं."

आम्ही कुणी हसलो नाही. तोच हसला.

माझी बायको मात्र्योना दोन वर्षांपूर्वी गेली. ती गावच्या दफनभूमीत आहे. तिच्या खड्ड्याशी मी नियमाने वागलो. आगीकडे पाठ करून जेवलो, एक कण सांडला नाही. तेरेंती समोर बसून बघत होता. मी पुरचुंडी बांधली तेव्हा त्याने तोंड उघडलं, आणि परत मिटलं.

थंडी पडली की मी कुणी नसताना तिकडे जातो. तिच्या शेजारच्या जमिनीवर काठी टेकवतो आणि जोर देतो.

दगड आहे नुसता.